निळी गोळी आणि न झालेला तास

जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत ज्यांची मुले जातात, त्यांना निळी गोळी ठाऊक असते. सहावीपासून बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, गुरुजींनी किंवा बाईंनी समोर उभे राहून ही गोळी द्यायची असते. तीत लोह आणि फॉलिक ॲसिड असते. पहिली ते पाचवीच्या धाकट्यांची गोळी गुलाबी. याखेरीज वर्षातून दोनदा जंतांची गोळी. सगळे फुकट, शाळेतच मिळणारे. ना रांग, ना केसपेपर. योजना म्हणून हिच्यात खोट काढायला फारशी जागा नाही.

आणि तरीही २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया, असल्याचे आढळले. याची कारणे अनेक आहेत. अपुरे अन्न आहे, पाळीत जाणारे रक्त आहे, पोटातले जंत आहेत. पण एक कारण असे आहे की जे आम्हा डॉक्टरांना दवाखान्यात बसल्या जागी ऐकू येते.

फिकट चेहऱ्याची, जिना चढताना धाप लागणारी, वर्गात डोके धरून बसणारी आठवी-नववीतली मुलगी आईबरोबर येते. खालची पापणी ओढून पाहावी तर आतला भाग पांढुरका. शाळेत गोळी मिळते का, असे विचारले की मुलगी आधी आईकडे पाहते, मग जमिनीकडे. गोळी मिळते. मग घेतेस का? यावर उत्तरे ठरलेली. "मळमळतं." "शी काळी होते, म्हणून भीती वाटते." "बाई वळल्या की खिशात टाकते." एका आईने तर आवाज खाली आणून मलाच विचारले, "या गोळीनं पुढं मूल होत नाही म्हणतात, खरं का हो डॉक्टर?"

आता यातील प्रत्येक शंकेचे उत्तर दोन मिनिटांत देता येते. लोहाची गोळी उपाशीपोटी घेतली तर मळमळते. शाळेतली खिचडी खाऊन झाल्यावर घेतली तर बहुतेकांना त्रास होत नाही. गोळीतले सगळे लोह शरीर शोषून घेत नाही, उरलेले शौचावाटे बाहेर पडते, त्यामुळे रंग काळपट होतो. त्यात काळजी करण्यासारखे काही नाही. गोळीवर लगेच चहा घेतला तर चहातील द्रव्ये लोह अडवून धरतात, म्हणून तास-दोन तास चहा नको. उलट लिंबू, आवळा किंवा पेरूची फोड सोबत असेल तर लोह अधिक शोषले जाते. आणि मूल न होण्याचा प्रश्नच नाही. गरोदर बाईला आम्ही याच औषधाची गोळी रोज देतो, आठवड्यातून एकदा नव्हे. एवढे सांगितले की मुलगी मान डोलावते आणि पुढच्या महिन्यात तिची पापणी थोडी लाल दिसू लागते.

प्रश्न असा, की हे तिला दवाखान्यात फी भरून का समजावे? गोळी शाळेत मिळाली, तर गोळीविषयीची माहितीही शाळेतच मिळायला हवी होती. तशी ती मिळत नाही, याचे कारण शाळेतील आरोग्यसेवा आणि आरोग्यशिक्षण या दोन गोष्टी आपण एकच समजून चाललो आहोत. वजन-उंची मोजली, दात पाहिले, गोळी दिली, रजिस्टर भरले की शाळेत आरोग्याचे काम झाले, असा आपला समज आहे.

सेवेचा इतिहास तसा जुना आणि अभिमान वाटावा असा आहे. हिंदुस्थानात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम झाली ती १९०९ साली, बडोदे शहरात. तेव्हा बडोद्याच्या गादीवर असलेले सयाजीराव गायकवाड हे मूळचे आपल्या जिल्ह्यातले, मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावचे. आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणाऱ्या या राजाच्या अमदानीतच शाळेतल्या पोरांचे आरोग्यही तपासायला सुरुवात झाली, हे विशेष. पुढे १९४६ साली भोर समितीने ही सेवा जवळजवळ नसल्यात जमा असल्याचे नोंदवले. स्वातंत्र्यानंतर समित्या आल्या, अहवाल आले. खरा पल्ला गाठला गेला तो २०१३ मध्ये, जेव्हा शेजारच्या पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. या कार्यक्रमाची गाडी, दोन डॉक्टर, औषधनिर्माता आणि नर्सबाई असे पथक वर्षातून एकदा शाळेत येते आणि अंगणवाडीत दोनदा. हृदयाला जन्मतः छिद्र असलेली, ओठ फाटलेली, कानाने कमी ऐकणारी कितीतरी मुले या पथकांमुळे शोधली जाऊन त्यांच्यावर मोफत उपचार होतात. ज्यांना वाटते की सरकारी कामात काही घडत नाही, त्यांनी अशा एखाद्या मुलाच्या आईला विचारावे.

पण पथक दुपारी गाडीत बसून पुढच्या गावी जाते. मुलाच्या हातात चिठ्ठी राहते. तिचा अर्थ सांगणारे कोणी नसेल तर काय होते याचे उदाहरण सिकलसेलचे. आदिवासी भागांत या आजाराची रक्ततपासणी होते. १ जुलै २०२३ पासून तर त्यासाठी राष्ट्रीय मोहीमच सुरू झाली आहे. तपासणीत एखादी मुलगी 'वाहक' निघते. वाहक म्हणजे आजारी नव्हे. ती शेतात काम करील, धावेल, शिकेल, सर्वसाधारणपणे तिला काही होणार नाही. मात्र नवराही वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नाआधी दोघांनी आपापले कार्ड पाहायचे, इतकाच त्याचा उपयोग. हे न समजावता नुसते कार्ड हाती दिले तर गावात बोभाटा होतो, मुलीला 'रक्ताचा रोग' आहे म्हणतात आणि पुढची मुलगी तपासणीच्या दिवशी शाळेत येत नाही. यापेक्षा कार्ड न दिलेले बरे, असे मी म्हणणार नाही; पण कार्डाबरोबर अर्धा तास समजावणे हा त्या तपासणीचाच भाग आहे.

पाळीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण घोळ तेथे सर्वांत मोठा आहे. बहुतेक मुलींना पहिली पाळी बारा-तेराव्या वर्षी येते, काहींना दहाव्या वर्षीसुद्धा. म्हणजे पाचवी ते सातवी. आपल्या राज्यात २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजननाचा आणि मासिक पाळीचा पाठ आहे. पाठ चांगला लिहिलेला आहे. पण तोवर मुलीला पाळी येऊन तीन-चार वर्षे होऊन गेलेली असतात. आणि वर्गात तो पाठ "घरी वाचून या" म्हणून पुढे ढकलला जातो, हे मला सांगणाऱ्या मुली आणि मुले, दोन्ही भेटली आहेत.

घरी आई असेल तर निदान कपडा कसा घ्यायचा एवढे तरी कळते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांतल्या आश्रमशाळांत राहणाऱ्या मुलीचे काय? दिवाळीनंतर तिचे आईवडील द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरलेले असतात. रक्त दिसले की तिला वाटते, आपल्याला काहीतरी लागले किंवा आपल्याकडून काही चूक झाली. २०२२ च्या जुलैमध्ये त्र्यंबकेश्वर तालुक्यातील एका आश्रमशाळेतील विद्यार्थिनीने तक्रार केली होती, की पाळी असल्यामुळे तिला वृक्षारोपणात रोप लावू दिले नाही. राज्य महिला आयोगाने तिची दखल घेतली, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. तेथे नेमके काय घडले याचा निवाडा करण्याचे काम माझे नाही. पण पाळीतल्या मुलीचा हात लागला तर रोप जळते, लोणचे नासते, असे मानणारी घरे आपल्या शहरातही कमी नाहीत. लोणचे नासते ते बरणीत ओला चमचा घातल्याने. मला त्या बातमीत महत्त्वाचे वाटले ते हे, की एक शाळकरी मुलगी 'हे चूक आहे' असे उघड बोलू शकली. २०२५ च्या जुलैमध्ये शहापूरच्या एका शाळेत मुलींची अंगावरचे कपडे काढायला लावून पाळीची तपासणी केल्याचे उघडकीस आले आणि अटक झाली, तेव्हा तर वाटले की शिक्षणाची गरज आधी कोणाला आहे, याचाच विचार व्हावा.

मुलींना सांगायचे ते असे : पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षे ती मागेपुढे होणे स्वाभाविक आहे. रक्तस्राव साधारण तीन ते सात दिवस असतो. पॅड असो की कपडा, चार ते सहा तासांनी बदलावा. कपडा साबणाने धुऊन उन्हात वाळवावा. लाजेपायी अंथरुणाखाली दडपून वाळवलेला दमट कपडा खाज आणि जंतुसंसर्ग देतो. सात दिवसांहून अधिक रक्त जात असेल, गाठी पडत असतील, दुखण्याने शाळा बुडत असेल किंवा पंधरा-सोळा वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, तर डॉक्टरकडे जावे. यात अश्लील काय आहे ते कोणी मला दाखवून द्यावे. आणि हे मुलांनाही कळायला हवे. ज्या मुलाला वर्गातच हे समजले, तो डाग पाहून हसणार नाही.

मुलांची कुचंबणा वेगळी. एस.टी. स्टँडच्या मागच्या भिंतींवर, रेल्वेमार्गाच्या कडेला 'गुप्तरोगा'च्या जाहिराती कोणी वाचत नाही असे आपल्याला वाटते. सोळा वर्षांचा मुलगा त्या बारकाईने वाचतो. मग 'अशक्तपणा आहे' अशी तक्रार घेऊन तो एकटाच दवाखान्यात येतो, इकडचे तिकडचे बोलतो आणि उठता उठता खरे विचारतो. झोपेत वीर्य जाणे ही त्या वयातली नैसर्गिक गोष्ट आहे. त्याने ताकद जात नाही, हाडे पोकळ होत नाहीत, आणि वीर्य रक्तापासून आटून होते ही तर निव्वळ भाकडकथा. हे ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसते, ती पाहिली की आपण पोरांना केवढ्या ओझ्याखाली ठेवतो याची कल्पना येते. जो दवाखान्यात पोहोचत नाही तो भोंदू वैद्याच्या पुड्यांवर बापाचे पैसे घालवतो. किंवा खिशातला मोबाइल त्याला शिकवतो, आणि तो काय शिकवतो ते पालकांना वेगळे सांगायला नको.

म्हणजे प्रश्न मुलांना हे कळावे की न कळावे, असा राहिलेलाच नाही. ते कळतेच, कोणाकडून, एवढेच आपल्या हाती आहे. महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. महर्षी कर्वे यांचे चिरंजीव र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. त्यापायी नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. एवढा वारसा असलेल्या राज्यात २००७ साली काय झाले? केंद्राच्या किशोरावस्था शिक्षण कार्यक्रमातील पुस्तिकांवरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्य शासनाने शाळांतील लैंगिक शिक्षण बंद केले. गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक या राज्यांनीही तेच केले. आक्षेप प्रामुख्याने चित्रांवर होता. चित्रे बदलता आली असती. काढून टाकला गेला तो सगळा विषयच.

'सांगितले तर मुले बिघडतील' ही भीती पालकांना वाटते आणि ती मी हसण्यावारी नेत नाही. पण जगभरातील पाहण्यांचा आढावा घेऊन युनेस्कोने २०१८ साली जी मार्गदर्शक पुस्तिका काढली, तीत स्पष्ट म्हटले आहे की वयाला साजेसे असे शिक्षण दिल्याने मुले लवकर वाहवत जात नाहीत. उलट सबुरी वाढते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ च्या सप्टेंबरमध्ये दिलेल्या एका निकालात लैंगिक शिक्षणाबद्दलचे गैरसमज दूर करून ते मुलांपर्यंत पोहोचवण्याची गरज बोलून दाखवली आहे.

वयाला साजेसे म्हणजे काय? पहिलीच्या मुलाला प्रजनन शिकवायचे नाही. त्याला आपल्या शरीराच्या सगळ्या भागांची नावे सांगायची, झाकलेल्या भागांचीसुद्धा. कोणी तेथे हात लावला, किंवा लावायला सांगितला, तर ओरडायचे, पळायचे आणि घरी सांगायचे, ही शिकवण. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या एका शाळेत लहानग्या मुलींवर अत्याचार झाल्याचे प्रकरण पुढे आले आणि त्यानंतर शाळाशाळांत कॅमेरे बसवण्याची घाई सुरू झाली. कॅमेरे जरूर बसवा. पण चार वर्षांच्या पोरीला जे झाले ते सांगायला शब्द लागतात, आणि ऐकणारे माणूस लागते. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अशी गोष्ट कळूनही पोलिसांना न कळवणे हा गुन्हा आहे. शिक्षक असो, डॉक्टर असो, की शाळेचे नाव जाईल म्हणून घाबरणारे चालक असोत.

पाचवी-सहावीत पाळी, वाढ, आहार. सुरगाण्यात नागली आणि मालेगाव-येवल्याकडे बाजरी असताना आपण पोरांना पाच रुपयांच्या कुरकुरीत पाकिटांवर का वाढवतो, हाही आरोग्याचाच धडा. बाजरीची भाकरी, मेथी किंवा शेपू, वर लिंबू. निळ्या गोळीची ही घरगुती बहीण. पुढे आठवी-नववीत तंबाखू आणि मिश्री. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, हे वाक्य लिहिताना माझे मलाच हसू येते. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा पाण्याला वापरू नये, साप चावला तर मांत्रिकाकडे न जाता थेट सरकारी दवाखाना गाठावा, हे तर आपल्या जिल्ह्यातल्या मुलाला शुद्धलेखनाइतकेच यायला हवे.

याचा अभ्यासक्रम तयार नाही, असे कोणी म्हणू शकत नाही. १२ फेब्रुवारी २०२० रोजी केंद्र सरकारने आयुष्मान भारतअंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रम जाहीर केला. अकरा विषय : निरोगी वाढ, मनाचे स्वास्थ्य, आहार व स्वच्छता, व्यसने, प्रजनन आरोग्य, हिंसेपासून संरक्षण, इंटरनेटचा सुरक्षित वापर वगैरे. प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, शक्यतो एक गुरुजी आणि एक बाई, आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षित करायचे आणि आठवड्यातून एक तास या विषयांचा घ्यायचा. महिनाभरात करोना आला, शाळांना कुलपे लागली. शाळा उघडल्या त्या बुडालेला अभ्यास भरून काढण्याच्या घाईत. आजही कित्येक शाळांत वेळापत्रकात तो तास असतो आणि प्रत्यक्षात त्या वेळी गणित चालते.

शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. दोनशिक्षकी शाळेतले गुरुजी खिचडीचा हिशोब, मतदारयादी, ऑनलाइन माहिती आणि चार वर्ग एकदम सांभाळतात. त्यातून तरुण शिक्षकाने मुलींसमोर पाळी हा शब्द उच्चारायचा तर गावात काय बोलले जाईल, ही धास्ती. येथे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई, गावच्या आशाताई आणि आमच्यासारखे खासगी डॉक्टर हाताशी आहेत. महिन्यातून एका दुपारी एक तास शाळेत जाऊन मुलांच्या चिठ्ठ्यांतल्या प्रश्नांना उत्तरे देणे कोणत्याही डॉक्टरला परवडण्यासारखे आहे. चिठ्ठीवर नाव नको, एवढे पथ्य पाळले की प्रश्नांचा ढीग पडतो. मी गेलो आहे, म्हणून सांगतो.

पालकांच्या हातातही एक कायदेशीर साधन आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. या बैठकीत बहुधा खिचडी आणि शाळेच्या भिंतीचा रंग यांवर चर्चा होते. पुढच्या बैठकीत विचारा : आपल्या शाळेतले आरोग्यदूत शिक्षक कोण? तो तास कोणत्या वारी असतो? निळी गोळी जेवणाआधी देता की नंतर? मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, पाणी आहे का, पॅड टाकायला डबा आहे का? पाळी आली तर मुलीने कोणाकडे जायचे, हे तिला ठाऊक आहे का?

शाळेत विचारता न येणाऱ्या प्रश्नांसाठी सरकारी रुग्णालयांतून किशोरवयीनांसाठी 'मैत्री क्लिनिक' चालते; तेथे सल्ला मोफत असतो आणि बोलणे गुप्त ठेवले जाते. संकटात सापडलेल्या मुलासाठी १०९८, आणि मन खचले असेल, झोप लागत नसेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर १४४१६. दुसऱ्या क्रमांकावर मराठीतून बोलता येते. दोन्ही क्रमांकांना पैसे पडत नाहीत आणि दोन्ही वर्गातल्या फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात खडूने लिहून ठेवण्याइतके लहान आहेत.